पेट्रोलमधलं शिसं आणि आपली सोसायटी

"तुम्ही जुने सभासद, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा," अशी स्मरणिका समितीची आज्ञा झाली. पण पाण्याचे टँकर, लिफ्टवरची भांडणं आणि कन्व्हेयन्सचं रामायण यांवर इतर सभासद लिहीत आहेतच. म्हणून मी थोडा बाहेरचा इतिहास निवडला आहे. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. त्याच साली भारतभर शिसे घातलेल्या पेट्रोलची विक्री बंद झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आपल्या इमारतीत जन्मलेली मुलं ही शिशाच्या पेट्रोलचा धूर न खाता वाढलेली पहिली पिढी. त्यांतल्या काहींची आता लग्नंही झाली. हे कसं घडलं ते त्यांना ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

मुळात शिसं पेट्रोलमध्ये आलं कशाला? इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते. दाब जितका जास्त तितकं काम जास्त. पण दाब फार वाढवला तर ज्योत पोचायच्या आधीच काही पेट्रोल आपणहून भडकतं आणि इंजिन ठकठक करू लागतं. जुने मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचे इंजिनिअर यावर औषध शोधत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांनी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग अगदी थोडं मिसळून पाहिलं आणि ठकठक थांबली.

अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हेही मिजलींना माहीत होतं. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याच्या पेटंटवर धंदा कसा उभा राहणार? शिशाच्या संयुगावर तो उभा राहिला. गंमत अशी की आज आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याच्या ॲव्हरेजवरून आपल्या पार्किंगमध्ये रोज वाद झडतात, ते त्या सोडून दिलेल्या वाटेनेच परत आलेलं आहे.

१९२३ साली हे पेट्रोल बाजारात आलं. नाव ठेवलं 'एथिल'. शिशाचा उल्लेख नावात कुठेही नाही. शिसं विषारी आहे हे काही नवीन ज्ञान नव्हतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. पाच जण दगावले, कित्येकांना इस्पितळात न्यावं लागलं. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांना बोलावून ते द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला. विशेष म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी शिशाच्याच बाधेमुळे त्यांना सुटी घेऊन हवापालटाला जावं लागलं होतं! (याच गृहस्थांनी पुढे फ्रिजमधला फ्रिऑन वायू शोधला, ज्याच्या कुळातल्या वायूंनी ओझोनच्या थराला भोक पाडलं. एका माणसाच्या खात्यावर एवढी येणी क्वचितच निघत असतील.)

काही महिने विक्री थांबली, सरकारने समिती नेमली. समितीने १९२६ साली सांगितलं की बंदी घालण्याइतका पुरावा नाही, मात्र पुढे संशोधन चालू ठेवा. हे पुढचं संशोधन जवळजवळ चाळीस वर्षं उद्योगाच्याच पैशावर, प्रामुख्याने डॉ. रॉबर्ट केहो यांच्या प्रयोगशाळेत झालं. केहो म्हणत, शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं, शरीर ते बाहेर टाकतं आणि ठराविक मर्यादेखाली त्याचा अपाय नाही.

हा हिशेब ज्याने तपासला तो माणूस डॉक्टर नव्हता. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. त्यांना पृथ्वीचं वय काढायचं होतं. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यामुळे उल्केतलं शिसं अचूक मोजलं की वयाचं गणित सुटतं. पण त्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. नमुन्यात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं सापडे. आम्हा बँकवाल्यांना ही अवस्था चांगली ठाऊक आहे. कॉम्प्युटर येण्यापूर्वी दिवसअखेर काही पैशांचा फरक निघाला तरी सगळी शाखा रात्री उशिरापर्यंत व्हाउचरं उलटत बसे, कारण फरक छोटा असला तरी चूक छोटी असेलच असं नसतं. पॅटरसनही तसेच मागे लागले. नळाचं पाणी, काचेची भांडी, रसायनं, टेबलावरची धूळ, स्वतःचे केस आणि कपडे, जिकडे तिकडे शिसं! त्यांनी भांडी ॲसिडने धुतली, हवा गाळून घेतली आणि निखळ स्वच्छ अशी प्रयोगशाळा उभारली. १९५६ साली त्यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. तो आकडा आजही टिकून आहे.

दुसरा कोणी इथे थांबला असता. पॅटरसन विचारू लागले, एवढं शिसं येतं कुठून? समुद्रात खोल पाण्यापेक्षा वरच्या पाण्यात शिसं कितीतरी जास्त आढळलं, म्हणजे ते वरून, अलीकडे पडत होतं. मग त्यांनी ग्रीनलँडचा बर्फ खणला. तिथे दर वर्षीचा हिमवर्षाव थरावर थर साठतो, जुन्या लेजरसारखा. सर्वांत जुन्या थरापासून १९६५ पर्यंत शिशाचं प्रमाण दोनशेपटीहून अधिक वाढलं होतं, आणि १९४० नंतरची वाढ सर्वांत वेगवान होती. हे १९६९ साली प्रसिद्ध झालं.

त्याआधी १९६५ च्या निबंधातच त्यांनी केहोंच्या हिशेबातलं भोक दाखवलं होतं. केहोंनी ज्यांना 'नैसर्गिक' मानलं तीही शिशातच राहणारी माणसं होती. सगळ्याच शाखांची कर्जं थकीत असतील तर थकबाकीची सरासरी काढून तिला निरोगी म्हणायचं, तशातला हा प्रकार. पॅटरसन यांच्या अंदाजाने त्या वेळच्या अमेरिकन माणसाच्या अंगात नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट शिसं होतं. परिणाम काय? तेल उद्योगाकडून त्यांना मिळणारे संशोधनाचे पैसे बंद झाले. १९७१ साली हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती बसली, तीत या विषयातल्या या सर्वांत जाणत्या माणसाला जागा नव्हती.

आम्हा आजी-आजोबांना यातला सर्वांत लागणारा भाग म्हणजे हर्बर्ट नीडलमन यांचं काम. बॉस्टनजवळच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्ध्यंकाच्या चाचणीत मागे होती आणि वर्गात त्यांचं लक्ष लागत नाही असं शिक्षकांचं मत होतं. यांतलं एकही मूल वरवर पाहता आजारी नव्हतं. हा अभ्यास १९७९ चा.

अमेरिकेत शिसं उतरू लागलं ते मात्र बरंचसं यंत्राच्या काळजीपोटी. १९७५ पासून गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला आणि शिशाने तो निकामी होतो. मुलांच्या मेंदूपेक्षा कन्व्हर्टरची दखल आधी घेतली गेली, हे मला अजून खटकतं. पण फळ मिळालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९१ पर्यंत अमेरिकनांच्या रक्तातलं शिशाचं सरासरी प्रमाण ७८ टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिका चालू होत्या. १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं, १९९५ मध्ये नव्या कन्व्हर्टरवाल्या गाड्यांसाठी 'अनलेडेड' आलं. मी तेव्हा वाहनकर्जाच्या टेबलावर होतो. "साहेब, अनलेडेड गावाकडे मिळेल का?" हा गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न असे. १९९९ साली बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांतल्या रक्ततपासण्यांचे निष्कर्ष मांडले. तपासलेल्या लहान मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात तेव्हाच्या धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त शिसं होतं. पुढच्याच वर्षी देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा पंप अल्जीरियातला, तो २०२१ मध्ये थांबला. पॅटरसन १९९५ सालीच गेले, त्यांना यातलं अर्धंमुर्धंच पाहायला मिळालं.

शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही की जळून नाहीसं होत नाही. जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते आहेच. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ते काळजी करण्याइतकं आहे. आता वाटा वेगळ्या आहेत. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं ही मोठी वाट. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देण्यापेक्षा नवी घेताना दुकानातच जमा करावी. कल्हई शुद्ध कथिलाची आहे ना, हेही विचारून घ्यावं. आणि पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो, तेव्हा लेकरांची बोटं तिथून तोंडात जाऊ देऊ नयेत.

दुसरी वाट रंगाची. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या जिन्यांचे कठडे आणि तळमजल्याच्या ग्रिल २००० साली रंगवलेल्या आहेत, आणि रौप्यमहोत्सवाच्या कामात तो रंग खरवडला जाणार आहे. त्यात शिसं आहे की नाही ते नमुना तपासल्याशिवाय कळणार नाही. मी समितीला पत्र दिलं आहे की आधी एका कठड्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, कंत्राटदाराने कोरडा पॉलिश पेपर न मारता पृष्ठभाग ओला करून घासावं, खाली प्लास्टिक अंथरून निघालेला चुरा गोळा करावा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावं आणि त्या दिवसांत त्या विंगची मुलं दुसऱ्या विंगच्या जिन्यात खेळावीत. कंत्राटदार म्हणतो खर्च थोडा वाढेल. विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर आहे. कोरम व्हायला हवा, तेवढं सर्वांनी पाहावं.