तार, बेतार आणि घरातला राउटर : वेग आणि भरवसा यांचा इतिहास (थ्रेड)

१/
नरडाणा. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि मुंबई-आग्रा महामार्गही येथूनच जातो. येथे कुणी घरासाठी राउटर घ्यायला निघाले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एमबीपीएस?" दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो: "स्पर्धा परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या रात्री हा चालेल का?" पहिला प्रश्न वेगाचा आहे, दुसरा भरवशाचा. या दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे आपल्या दळणवळणाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. आज त्या इतिहासातून राउटरच्या निवडीपर्यंत जाऊ.

२/
आरंभ १८५४ पासून करू. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत कोलकाता-आग्रा तारमार्ग मार्च १८५४ मध्ये सुरू झाला. पुढे आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरमार्गे मुंबईही जोडली गेली. इंदूरहून मुंबईकडे येणारी ही तार खानदेश ओलांडून येत होती. फेब्रुवारी १८५५ पासून सामान्य जनतेलाही पैसे भरून तार पाठवता येऊ लागली. या कामाचे सूत्रधार होते विल्यम ओशॉनेसी. पेशाने शल्यवैद्य, कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि १८३९ पासून तारायंत्राचे प्रयोग करणारे गृहस्थ.

३/
ओशॉनेसींची निवड पाहण्यासारखी आहे. युरोपात बारीक तारा वापरल्या जात होत्या. त्यांनी कोलकाता ते डायमंड हार्बर या पहिल्या मार्गावर लोखंडाची जाड सळई वापरली. वादळ, पक्षी, माकडे यांच्यापुढे बारीक तार टिकणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. यंत्रही त्यांनी साधे निवडले: डावी-उजवीकडे हलणारी सुई, जी डोळ्यांनी वाचायची. ते स्वस्त होते आणि येथेच दुरुस्त होत असे. अधिक वेगवान आणि संदेशाची कागदावर नोंद ठेवणारे मोर्स यंत्र १८५७ च्या सुमारास आले. आधी मार्ग टिकाऊ झाला, मग यंत्र वेगवान झाले. हा क्रम लक्षात ठेवा.

४/
आता १९२७ कडे येऊ. मुंबईहून समुद्राखालची केबल १८७० मध्येच सुएझमार्गे लंडनपर्यंत पोहोचली होती. १९२७ मध्ये तिला प्रतिस्पर्धी आला: मार्कोनी पद्धतीची 'बीम' बेतार सेवा. हिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही एकाच जागी न ठेवण्याचे कारण उघड आहे. स्वतःच्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात दूरदेशीचा क्षीण संदेश ऐकू येत नाही.

५/
बीम सेवा वेगवान होती आणि केबलपेक्षा स्वस्तही. केबल कंपन्यांचा धंदा तिच्याकडे वळू लागला. मात्र लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतात; ते थर बदलले की संदेश मंदावतो किंवा विरून जातो. केबल महाग होती, पण हवामान पाहून चालत नव्हती. या स्पर्धेचा शेवट कसा झाला? १९२८ च्या साम्राज्य परिषदेत खल झाला आणि १९२९ मध्ये केबल व बेतार या दोन्हींचा कारभार एकाच कंपनीखाली आणला गेला. जे थांबून चालणार नाही ते तारेवर आणि जे स्वस्तात दूरवर न्यायचे ते हवेतून, अशी ती सोय होती. घरातही हीच सोय करायची आहे.

६/
पण घरात बेतार यंत्र ठेवण्याची मुभा आपल्याला मिळाली कधी? १९३३ च्या भारतीय बेतार तारायंत्र कायद्यानुसार असे यंत्र बाळगण्यासाठी परवाना लागे. आपल्या आजी-आजोबांना रेडिओ केवळ ऐकण्यासाठीही पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागत असे. राउटर तर ऐकतोही आणि बोलतोही. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग खुला झाला.

७/
या मुक्ततेला एक अट आहे: कुणालाही एकाधिकार नाही आणि व्यत्ययापासून संरक्षणही नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या राउटरचा हवेवर तुमच्याइतकाच हक्क आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्यांची सर्वाधिक प्रचलित त्रयी आहे: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत दहा राउटर असतील, तर ते या तीन जागांत दाटीवाटीने बसतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यातले. म्हणून दोन्ही पट्टे असलेला, म्हणजे 'ड्युअल बँड' राउटर ही आज किमान गरज समजावी.

८/
एकच हवा अनेकांनी वापरायची कशी, याचे पहिले मोठे उत्तर १९७१ मध्ये हवाई बेटांवर मिळाले. नॉर्मन अब्रामसन यांच्या 'अलोहा' जाळ्यात ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघांचे संदेश आदळले तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवावे, असा नियम होता. गणिताने दाखवले, की अशा पद्धतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता उपयोगी पडते. वाय-फाय त्यात सुधारणा करते: आधी ऐकते, मग बोलते. तरीही एका वाहिनीवर एका क्षणी एकानेच बोलायचे, हे मूळ बंधन पुष्कळसे कायम आहे. घरात मोबाइल, टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस उपकरणे असतील, तर वाय-फाय ६ चा राउटर घेण्यात अर्थ आहे. तो वाहिनीचे लहान तुकडे करून एकाच वेळी अनेकांना देऊ शकतो.

९/
दुसरी अडचण भिंतींची. लहरी भिंतींवर आदळून अनेक वाटांनी, मागेपुढे पोहोचतात आणि संदेश पुसट होतो. यावरील एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी शोधला. त्याचे अमेरिकी पेटंट १९९६ चे. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. याच संस्थेत १९५० च्या दशकात गोविंद स्वरूप शिकले होते. तेथील जुन्या तबकड्या भारतात आणून त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला दुर्बीण उभारली आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी साकारली. आपल्या ओट्यावरचे वाय-फाय आणि खोडदच्या तबकड्या असे एका घराण्यातले आहेत.

१०/
आता खानदेशातले घर पाहा. जुने धाब्याचे घर असेल तर मातीच्या जाडजूड भिंती. नवे असेल तर लोखंडी सळ्यांचा स्लॅब. वर पत्रे आणि पाण्याची टाकी. धातू लहरी परतवतो, पाणी आणि जाड भिंत त्या शोषते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर थकते. २.४ मंद आहे, पण पुढे पोहोचते. एकापाठोपाठ एक चार खोल्या असलेल्या लांबट घरात राउटर पुढच्या खोलीत ठेवला, तर मागच्या खोलीत उजेड पडणारच नाही. तो घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. अँटेनांची संख्या पाहून भुलू नये. प्रक्षेपणशक्तीची मर्यादा नियमांनीच ठरलेली आहे.

११/
खोक्यावरचे आकडे वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनचिकित्सा करावी. 'एसी १२००' म्हणजे १२०० एमबीपीएस मिळतील असे नव्हे. ती २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची ढोबळ बेरीज आहे. एक मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि प्रत्यक्ष वेग त्याहूनही बराच कमी. याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असते: तारेच्या जोडणीचा, म्हणजे पोर्टचा वेग. अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. तुम्ही ३०० चे फायबर घेतले, तरी त्यातून १०० हून अधिक येणार नाही. 'गिगाबिट पोर्ट' आहे का, हे आधी विचारा.

१२/
खडकी-दौंडचा धडा येथे उपयोगी पडतो. जे जागेवरून हलत नाही, ते तारेने जोडा: टीव्ही, संगणक, परीक्षेसाठी बसण्याची जागा. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे कोणत्याही घराला पुरते. माडीवर वाय-फाय हवे असेल, तर एक केबल वर न्या आणि तेथे दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून लावा. स्वस्त रिपीटर त्याच हवेतून ऐकून त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मेश संच घेतलात, तरी त्याचे भाग शक्यतो केबलनेच जोडा.

१३/
मग विजेचा प्रश्न. लाईट गेली की फायबरमधला प्रकाश शाबूत असतो, बंद पडतो तो आपला डबा. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील, तर दोघांनाही आधार द्या, नाहीतर एक जागा असून उपयोग नाही. आपल्याकडे बहुतांश घरांत महागड्या राउटरपेक्षा हा खर्च अधिक फळतो. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला, तर प्लग काढून ठेवणेच शहाणपणाचे.

१४/
भरवशात सुरक्षाही येते. वाय-फायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फोडून दाखवले गेले. आज किमान डब्ल्यूपीए २, शक्य तर २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए ३ असावे. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. ज्या राउटरला सॉफ्टवेअरची अद्यतने येणे बंद झाले आहे, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

१५/
खरेदीपूर्वी एक चाचणी करा. आधी केबल लावून वेग मोजा, मग राउटरशेजारी वाय-फायवर, मग शेवटच्या खोलीत. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास पुन्हा मोजा. केबलवरच वेग कमी असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे; नवा राउटर काही करू शकणार नाही. शेजारी चांगला आणि मागे वाईट असेल, तर जागा किंवा केबल हा उपाय. रात्रीच बिघडत असेल, तर केबलवर मोजलेला आकडा पाहा: तोही घसरला असेल तर गर्दी बाहेर आहे, नसेल तर गल्लीतल्या हवेत आहे.

१६/
ओशॉनेसींनी आधी सळई जाड केली, मग यंत्र बदलले. आपणही आधी दुवा कुठे तुटतो ते शोधू आणि पैसे तेथेच लावू. अर्जाच्या शेवटच्या रात्री, मागच्या खोलीत, लाईट गेलेली असताना जो चालेल, तोच आपल्या घरचा चांगला राउटर. आपल्या घराची बांधणी आणि वरच्या चाचणीचे आकडे खाली लिहा. कुठला दुवा कच्चा आहे, ते मिळून शोधू.