अनेक ई-मेल खाती, एकच इनबॉक्स



तबूकमध्ये चार-पाच वर्षे काढलेल्या माणसाला त्याची ई-मेल खाती मोजायला सांगा. कॉलेजात उघडलेले याहू किंवा हॉटमेल, भारतातल्या बँकेला दिलेले रेडिफमेल, रोजचे जीमेल आणि वर कंपनीचे. रोज उघडली जातात त्यातली दोनच!

हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. भारतात भरलेल्या आयकर विवरणपत्रात त्रुटी निघाली, तर कलम १३९(९) खालील नोटीस नोंदवलेल्या ई-मेलवर येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. मुदत चुकली तर विवरणपत्र अवैध ठरू शकते. बँकेच्या केवायसीची स्मरणपत्रेही अशाच जुन्या पत्त्यावर पडून राहतात. म्हणून सगळी पत्रे एका ठिकाणी दिसतील अशी व्यवस्था करून घ्यावी.

१. मोबाईलवर (सर्वांत सोपे)
जीमेलच्या ॲपमध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर टिचकी मारा आणि 'ॲड अनदर अकाउंट' निवडा. याहू, हॉटमेल आणि आउटलुकची खातीही इथे जोडता येतात. मग डावीकडच्या मेनूत 'ऑल इनबॉक्सेस' निवडले की सर्व खात्यांची पत्रे एका यादीत दिसतात. आयफोनच्या मेल ॲपमध्येही याच नावाची सोय आहे.

२. संगणकावर
थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. खाती जोडताना 'आयमॅप' हा पर्याय ठेवा. त्यात मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि मोबाईलवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते. फोल्डरच्या मांडणीत 'युनिफाइड फोल्डर्स' निवडले की सगळे इनबॉक्स एकत्र होतात.

३. फॉरवर्ड करणे
जुने खाते जीमेलचेच असेल, तर संगणकावरून त्याच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग'खाली नवा पत्ता द्या आणि त्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रातून मंजुरी द्या. मूळ खात्यात प्रत ठेवण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. याहूने मात्र मोफत खात्यांची ही सोय जानेवारी २०२१ पासून काढून घेतली, त्यामुळे याहूसाठी वरचे दोन मार्गच बरे.

जुन्या लेखांत 'जीमेलमध्ये दुसऱ्या खात्याची पत्रे पॉपने ओढून घ्या' असा सल्ला आढळेल. ती सोय २०२६ पासून बंद करण्याचे गूगलने जाहीर केले आहे, तेव्हा नव्याने त्या वाटेला जाऊ नका.

हे विसरू नका
• उत्तर पाठवण्याआधी 'फ्रॉम'ची ओळ पाहा. बँकेला नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पत्र गेले पाहिजे.
• जुन्या खात्यांत अधूनमधून स्वतः लॉगिन करा. गूगल दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकू शकते, याहूची मुदत तर बारा महिन्यांचीच आहे.
• प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवा. सगळे एका फोनवर आणल्यावर फोनचे कुलूपही पक्के हवे.
• कंपनीची पत्रे खाजगी खात्यात वळवू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही.

परत जाण्याआधी
सगळ्यात महत्त्वाचे हेच. नोकरी सुटली की कंपनीचा ई-मेल त्याच दिवशी बंद होऊ शकतो. फायनल एक्झिटनंतर इकाम्यावर घेतलेले सौदी सिमही हातात राहत नाही. बँक, आयकर, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांपैकी कुठेही कंपनीचा पत्ता दिला असेल, तर तो आजच बदला. जीमेलच्या 'रिकव्हरी' क्रमांकात सौदी नंबर असेल, तर जोडीला भारतातला चालू नंबरही द्या. नाहीतर पासवर्ड विसरल्यावर पडताळणीचा कोड बंद पडलेल्या नंबरवर जाईल.

या कामाला शुक्रवार सोयीचा. इथे सुट्टी असते आणि भारतातल्या बँका चालू असतात. भारताचे घड्याळ अडीच तास पुढे आहे, म्हणून सकाळीच बसा. एक कागद घ्या, डावीकडे सगळी खाती लिहा आणि उजवीकडे कोणत्या खात्यावर काय नोंदवले आहे ते लिहा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. ही यादी घरच्यांनाही दाखवून ठेवा. वेळ आली तर शोधाशोध त्यांनाच करावी लागते.