सुटकेच्या अटी

गुन्हा शाबीत झाला म्हणजे तुरुंग, आणि निर्दोष ठरला म्हणजे घर, अशी न्यायाविषयीं लोकांची साधारण समजूत असते. या दोहोंच्या मध्यें तिसरी एक वाट आहे, हें कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं त्याला सहसा ठाऊक नसतें. या वाटेनें जाणारा मनुष्य गुन्हेगार ठरलेला असतो, परंतु त्याला तुरुंगाची शिक्षा सुनावलेली नसते. तो घरीं जातो, शेतावर जातो, बाजारास जातो. मात्र न्यायालयांत एक कागद राहतो आणि त्या कागदावर त्याचा अंगठा असतो. इंग्रजींत या व्यवस्थेस प्रोबेशन म्हणतात. मराठी कायदेपुस्तकांनीं तिला परिवीक्षा असें भारदस्त नांव दिलें आहे. पण ज्याच्यासाठीं तें योजिलें त्याच्या तोंडीं तें कधीं बसलें नाहीं. तो आपला 'जामिनावर सुटलों' असेंच म्हणतो, आणि या एका शब्दानें पुढें पुष्कळ घोंटाळे होतात. जामिनावर सुटलेल्याचा खटला चालू असतो. परिवीक्षेवर सुटलेल्याचा दोष ठरून चुकलेला असतो. पहिल्यानें नेमल्या तारखेस हजर राहिलें कीं झालें; दुसऱ्याच्या बाबतींत मुदत संपेपर्यंतचा प्रत्येक दिवस ही तारीखच होय.

या व्यवस्थेचा उगम कोणा कायदेपंडिताच्या कचेरींत नाहीं. १८४१ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा जोडे शिवणारा कारागीर न्यायालयांत बसला असतां एका दारुड्यास समोर आणण्यांत आलें. ऑगस्टसानें त्याची हमी घेतली आणि त्याला सोडवून नेलें. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य परत उभा राहिला तेव्हां त्याचें रूप इतकें पालटलें होतें कीं न्यायाधीशानें नाममात्र एक सेंट दंड करून त्याला मोकळें केलें. १८५९ सालीं मरण येईपर्यंत या कारागिरानें सुमारें दोन हजार लोकांची हमी घेतली. तो नुसती सही करून थांबत नसे. काम शोधून देई, निवारा शोधून देई. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें यावर कायदा केला तो १८७८ सालीं, म्हणजे तो गेल्यावर एकोणीस वर्षांनीं.

समुद्र ओलांडून हें तत्त्व इंग्लंडांत आलें आणि १८८७ च्या कायद्यांत शिरलें, तेव्हां ऑगस्टस मागें राहिला आणि कागद तेवढा पुढें आला. पहिल्याच वेळीं गुन्हा केलेल्यास मुचलक्यावर सोडावें, एवढेंच त्या कायद्यानें सांगितलें. त्याच्यावर लक्ष ठेवणारा किंवा त्याला हात देणारा मनुष्य नेमला नाहीं. उलट एक अट मात्र घातली. सोडण्यापूर्वीं, अपराध्याचें किंवा त्याच्या जामीनदाराचें कायम राहण्याचें ठिकाण अथवा नियमित कामधंदा आहे, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. तें ठिकाण न्यायालयाच्या हद्दींत असावें, किंवा अपराधी मुदतीच्या काळांत जेथें राहण्याचा संभव आहे तेथें असावें.

ही अट वरवर पाहतां निरुपद्रवी दिसते. ज्याचा पत्ता नाहीं त्याला बोलवावयाचें कोठें, हा प्रश्न रास्तच आहे. हिंदुस्थानच्या १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत ५६२ व्या कलमानें मुचलक्यावरील सुटका आली, आणि ५६४ व्या कलमानें राहत्या ठिकाणाची अटही जशीच्या तशी आली. परंतु लंडनच्या गल्लींत राहणाऱ्या गिरणीकामगारास समोर ठेवून लिहिलेलें वाक्य दख्खनच्या माळरानावर आणलें म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. येथें हजारों कुटुंबांचा धंदाच फिरण्याचा होता. ज्याच्या वाड्यावर नांवाची पाटी आहे त्याला ती अट जाणवतही नाहीं. ज्याचें बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे त्याला ती दाराशींच अडविते.

त्याच सुमारास सरकार या फिरत्या लोकांकरितां निराळा कायदा वापरीत होतें. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं प्रथम उत्तर हिंदुस्थानांत आला, आणि १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची सोय झाली. १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींच्या माणसांनीं कांहीं केलें असो वा नसो, जन्मानेंच तीं संशयित ठरत. ठरल्या वेळीं हजेरी द्यावयाची, मुक्काम बदलतांना कळवावयाचें, परवानगीशिवाय बाहेर राहावयाचें नाहीं. कित्येकांना वसाहतींत नेऊन ठेवीत. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती, आणि त्या भागाला 'सेटलमेंट' हें नांव लोकांच्या तोंडीं अजून टिकून आहे. कागदावर पाहिलें तर हजेरी, ठिकाण आणि परवानगी हीं तिन्हीं बंधनें परिवीक्षेच्या अटींसारखींच दिसतात. भेद असा कीं परिवीक्षेंत शाबीत झालेल्या एका कृत्यावर एका माणसाला मुदतीचें बंधन असतें. येथें कृत्य नाहीं, मुदत नाहीं, आणि बंधन सबंध कुळाला. एकाच सरकारच्या दप्तरांत हे दोन कायदे शेजारीं शेजारीं नांदत होते, आणि पहिल्याची सवलत ज्यांना मिळणें अवघड त्यांच्यावरच दुसऱ्याचा बोजा होता, ही गोष्ट त्या काळच्या फारच थोड्या लोकांना खटकली.

मुंबई प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळ १९३७ सालीं आलें आणि पुढच्याच वर्षीं मुंबईचा अपराधी परिवीक्षेचा कायदा झाला. मद्रास आणि मध्यप्रांत-वऱ्हाड यांनीं तो आधींच, १९३६ सालीं, केला होता. म्हणजे वऱ्हाडांतील मराठी माणसाला ही सोय नगरच्या माणसाहून दोन वर्षें अगोदर मिळाली. या कायद्यांनीं परिवीक्षा अधिकारी हें पद निर्माण केलें. ऑगस्टस अखेर परत आला, पण आतां पगारी नोकर म्हणून. १९३९ सालीं औंध संस्थानांत याहून धीट प्रयोग झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांच्या पुढाकारानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. तेथें गंभीर गुन्ह्यांतील कैदी भिंतीवांचून राहून शेती करीत, आणि बायकामुलांस जवळ ठेवीत. १९५७ सालीं आलेला शांतारामांचा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट या प्रयोगावरून निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलुखांतले. स्वतंत्रपुरानें कैद्याला आधीं ठिकाण दिलें आणि मग विश्वास टाकला. कायद्याचा क्रम उलटा आहे. तो ठिकाण आधीं मागतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९४९ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा काढून टाकला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो सबंध देशांतून गेला. १९५८ सालीं सर्व देशासाठीं अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा ज्यास नाहीं अशा कोणत्याही गुन्ह्यांत, परिस्थिति व माणसाचें शील पाहून, न्यायालयास तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडतां येतें. किरकोळ चोरीसारख्या गुन्ह्यांत प्रथम अपराध्यास नुसती समज देऊनही सोडतां येतें. एकवीस वर्षांखालील अपराध्यास तुरुंगांत धाडावयाचें तर न्यायाधीशानें कारणें लिहून दिलीं पाहिजेत. १९६४ सालीं रतनलाल विरुद्ध पंजाब या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या कलमामागील सुधारणेच्या हेतूवर मोठा भर दिला. इतकें उदार होऊनही चौथ्या कलमांत १८८७ चें तें वाक्य तसेंच बसलेलें आहे: कायम ठिकाण अथवा नियमित कामधंदा.

त्या वाक्याचें वजन कळण्यास राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा हें गांव चांगलें. नाशिकजवळची लष्करी देवळाली ती निराळी. ही प्रवरेच्या कांठच्या मुलुखांतली. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, कालव्यांचें पाणी फिरलें आणि बाजरीच्या या प्रदेशांत ऊस आला. हरेगांवला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला, पुढें सहकारी कारखाने निघाले, राहुरीचा कारखाना तर देवळालीच्या शेजारींच. उसाबरोबर ऊस तोडणारे आले. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, बीड या अवर्षणाच्या भागांतून टोळ्या निघतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायकोचा कोयता फडांत उतरतो, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि उन्हाळा लागला कीं मोडतात.

समजा, अशा टोळींतील वीस वर्षांच्या मुलानें एका विहिरीवरच्या पंपाची केबल चोरली आणि राहुरीच्या न्यायालयांत गुन्हा कबूल केला. पूर्वीं कधीं पकडला गेलेला नाहीं. कायदा ज्याच्यासाठीं केला तो हाच मनुष्य. परंतु त्याचें कायम ठिकाण कोणतें? कोपी मार्चपर्यंतची. पाथर्डीकडचें घर वर्षांतील निम्मे दिवस कुलपांत. नियमित कामधंदा म्हणावा तर सहा महिन्यांचा, आणि पुढल्या सालीं टोळी कोणत्या कारखान्यावर जाईल हें मुकादमाला ठाऊक, त्याला नाहीं. न्यायालयानें जामीनदार मागितला तर तो कोण राहणार? ज्याच्या मळ्यांत चोरी झाली तो शेतकरी नाहीं, शेजारचाही नाहीं. उरला मुकादम. तो राहीलही, पण मग जो मनुष्य उचलीनें आधींच बांधलेला आहे तो आतां न्यायालयाच्या कागदानेंही त्याच मुकादमाशीं बांधला जातो. दुसऱ्या टोळींत जाण्याची किंवा हिशेबावरून भांडण्याची सोय मुदत संपेपर्यंत संपली. या जामिनाची किंमत बंधपत्रावर लिहिलेल्या रकमेहून पुष्कळ मोठी असते.

तरीही सुटका झाली असें धरूं. न्यायालय देखरेखीचा हुकूम देतें. तो एक वर्षाहून कमी मुदतीचा नसतो. राहण्याचें ठिकाण, दारूपासून अलिप्तता, अधिकाऱ्याच्या भेटी, शेतकऱ्याला भरपाई, अशा अटी त्यांत येतात. त्या अपराध्यास समजावून सांगाव्या आणि हुकुमाची नक्कल द्यावी, असें कायदा स्पष्ट म्हणतो. दुपारीं चारच्या सुमारास, पुढचा पुकारा चालू असतां, हें समजावणें कितपत होत असेल त्याची कल्पना न्यायालयाचा व्हरांडा पाहिलेल्यांना करतां येईल. मुलगा मान हलवितो, कारण मान न हलविणें त्याला शक्यच नसतें. परिवीक्षा अधिकारी जिल्ह्याच्या गांवीं, नगरला. भेटीस जाणें म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि टोळींत एक कोयता कमी म्हणून मुकादमाची बोलणीं. फेब्रुवारींत तो जातो. मार्च महिन्यांत टोळी उठते आणि तो कोणासही न सांगतां टोळीबरोबर निघून जातो. त्याच्या मनांत पळण्याचा विचार नसतो. काम संपलें म्हणून घरीं गेला, इतकेंच. कागदावर मात्र अट मोडलेली असते.

अट मोडल्यावर नवव्या कलमाप्रमाणें न्यायालय वॉरंट काढूं शकतें आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊं शकतें. पहिलीच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागविण्याचीही मोकळीक आहे. ही रक्कम १९५८ सालची, त्या वेळीं मजुरास जड जाणारी. न्यायाधीश पुष्कळदां कोणता मार्ग घेतात हें समोर उभा असलेला मनुष्य स्वतःहून हजर झाला कीं पोलिसांनीं आणला, यावर ठरतें. म्हणून अधिकाऱ्यास निघण्यापूर्वीं नुसता निरोप पाठविणें हें कोणत्याही वकिली युक्तिवादाहून मोलाचें असतें. हें त्या मुलास सांगणारा कोणी असला पाहिजे. अधिकारी हा पोलीस नव्हे, शिक्षा देणाराही नव्हे. काम मिळविण्यास मदत करणें हें चौदाव्या कलमानें त्याचें कर्तव्यच ठरविलें आहे. पण ज्याच्या आजोबांनीं पाटलाकडे हजेरी दिली त्याला दोन्हीं हजेऱ्या सारख्याच वाटल्या तर दोष त्याच्या समजुतीचा मानतां येत नाहीं.

बाराव्या कलमाविषयींही असाच गैरसमज आहे. परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागत नाहीं, असें तें कलम म्हणतें. लोक त्याचा अर्थ 'डाग पुसला' असा करतात. सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालच्या एका निकालांत सांगितलें कीं दोष पुसला जात नाहीं, आणि सरकारी नोकरावर त्या वर्तनाबद्दल खात्याची कारवाई होऊं शकते.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. पांच हजार रुपयांहून कमी किंमतीच्या पहिल्या चोरींत माल किंवा त्याची किंमत परत केली तर आतां समाजसेवेची शिक्षा आहे. केबल चोरणाऱ्या मुलास कदाचित् तीच मिळेल. मुचलक्यावरील सुटका नव्या संहितेच्या ४०१ व्या कलमांत आहे आणि ठिकाणाची अटही तेथेंच आहे. पण त्या अटीचा उत्तरार्ध सहसा कोणी वाचीत नाहीं. अपराधी मुदतींत जेथें राहण्याचा संभव आहे तें ठिकाणही चालतें, असें तो म्हणतो. आणि १९५८ च्या अधिनियमाच्या आठव्या कलमानें परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून अटी मागाहून बदलतांही येतात. राहुरीच्या न्यायालयानें बंधपत्रावर कोपीऐवजीं पाथर्डीचें गांव लिहिलें, आणि टोळी उठण्याच्या महिन्यांत अधिकाऱ्यानें एक अर्ज केला, तर तो मुलगा कोयता खांद्यावर टाकून कायदा न मोडतां घरीं जाऊं शकतो. त्यासाठीं नवा कायदा लागत नाहीं. टोळी कधीं उठते हें न्यायालयांत कोणाला तरी ठाऊक असावें लागतें.