महायुद्धाच्या सावलीतील एक विद्यार्थी संघटना : मुंबई, १९१७-१८

१/ १२ मे १९१७, शनिवार. महायुद्धाचे तिसरे वर्ष सरत आले होते. दोनच महिन्यांपूर्वी ब्रिटिश-हिंदी फौजांनी बगदाद घेतले होते आणि त्या आघाडीची माणसे व रसद मुंबई बंदरातून ये-जा करीत होती. त्या दिवशी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी मुंबईत एक संघटना काढली. नाव ठेवले ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’.

२/ नावातील विसंगती पाहण्यासारखी आहे. शिक्षण संपवलेले लोक स्वतःला विद्यार्थी म्हणवून घेत होते. मग ‘आर्किटेक्ट’ का नाही? या प्रश्नाचे उत्तर जे. जे.च्या वर्गांच्या इतिहासात सापडते.

३/ जे. जे.ची स्थापना १८५७ची. तेथील वास्तुकलेचे शिक्षण मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाले आणि तेही मर्यादित हेतूने. सरकारी बांधकाम खात्याला व गोऱ्या वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांना नकाशे स्वच्छ उतरवून देणारे ड्राफ्ट्समन हवे होते. इमारतीची कल्पना साहेबाची, तिची रेघ हिंदी माणसाची, अशी ही वाटणी होती. पुढे जॉन बेग यांच्या पुढाकाराने अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला आणि रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली विभागाला आकार आला. शिक्षण वाढले, पण शिकलेल्याचा दर्जा तेवढा वाढला नाही.

४/ इंग्लंडमध्ये ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’ १८३४पासून होती. मुंबईत शिकलेल्या तरुणामागे अशी कोणतीही व्यावसायिक संस्था उभी नव्हती. योगायोग असा की लंडनची प्रसिद्ध ‘आर्किटेक्चरल असोसिएशन’देखील १८४७ मध्ये असमाधानी शिकाऊ तरुणांनीच काढली होती. फरक एवढाच, की लंडनच्या शिकाऊ तरुणाला पुढे वास्तुविशारद होण्यास त्याच्या वंशाची आडकाठी नव्हती.

५/ संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले जॉर्ज विटेट, मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद. म्हणजे ज्या व्यवस्थेत हिंदी तरुण दुय्यम होता, तिच्यातील सर्वोच्च पदावरचा माणूस! होमरूलच्या त्या दिवसांत ही निवड काहींना बोटचेपी वाटू शकेल. परंतु मान्यता द्यायची ती ज्यांच्या हाती होती, त्यांच्यापैकीच एकाला सोबत घेणे हा व्यवहारी शहाणपणा होता. विटेट यांच्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विजापूरचा घुमट आणि गुजरातच्या कमानी ते आपल्या इमारतींत आणत होते. तेव्हा हिंदी वास्तुपरंपरा त्यांना परकी नव्हती.

६/ पण १९१७ मध्ये विटेट यांचे मुंबईतील काम पाहायला गेले असते, तर काय दिसले असते? ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ची इमारत १९१४ मध्येच बांधून झाली होती, युद्धकाळात तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला. पुराणवस्तूंसाठी बांधलेल्या त्या वास्तूत जखमी सैनिक ठेवले गेले. संग्रहालय लोकांसाठी उघडले ते थेट १० जानेवारी १९२२ रोजी.

७/ आणि ‘गेटवे ऑफ इंडिया’? तो तेव्हा नव्हताच. आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला होता, अपोलो बंदरावर समुद्र हटवून भराव घालण्याचे काम चालू होते. पाया पूर्ण झाला १९२० मध्ये, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. आज मुंबईची ओळख ठरलेली ही वास्तू या संघटनेच्या पहिल्या वर्षी कागदावर आणि भरावाच्या मातीत होती.

८/ युद्धाने वास्तुविशारदांच्या तोंडचा घासच काढला होता. परदेशी पोलाद यायचे ते जहाजांनी, आणि जहाजे लढाईला जुंपलेली. साकचीच्या टाटा कारखान्यातले रूळ मेसोपोटेमियाकडे चालले होते. (याच सेवेबद्दल १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले.) नवी घरे उठेनात, गिरण्यांच्या शहरात माणसे मात्र वाढत गेली. भाडी इतकी भडकली की सरकारला १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. नकाशे काढण्याचे शिक्षण घेतलेल्यांसाठी याहून विचित्र काळ कोणता? शहराला त्यांची कधी नव्हे इतकी गरज होती आणि बांधायला साहित्य नव्हते.

९/ संघटनेचे पहिले वर्ष उलटले तेव्हा मुंबईचे वातावरण अधिकच तापले होते. १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमधील युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांचे भाषण मध्येच तोडले. टिळक सभागृह सोडून गेले. त्याच महिन्यात इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरली. दाट वस्तीच्या, कोंदट चाळींचा प्रश्न आता केवळ भाड्याचा राहिला नाही.

१०/ अशा दिवसांत जन्मलेल्या संस्था बहुधा युद्धाबरोबरच विरतात. ही टिकली. विटेट यांनी १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि ते टाटांच्या बांधकाम-कंपनीत गेले. १९२६ मध्ये मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला, शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे.

११/ त्याआधीच, १९२२ मध्ये, संघटनेच्या नावातून ‘स्टुडंट्स’ हा शब्द गळला आणि ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ अवतरली. १९२५ मध्ये ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूटशी संलग्न झाली. १९२९ मध्ये नाव झाले ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’. मुंबई प्रांतातील जुन्या विद्यार्थ्यांचे मंडळ आता देशाच्या नावाने बोलू लागले होते.

१२/ ‘आर्किटेक्ट’ या पदवीला मात्र कायद्याचे संरक्षण मिळायला १९७२चा वास्तुविशारद कायदा यावा लागला. १२ मे १९१७च्या त्या शनिवारपासून मोजल्यास पंचावन्न वर्षे.