येवल्याची अंबा : ललिताबाई पवार यांची चित्रपट-कारकीर्द

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग नाशिक सोडून ईशान्येस वळला, म्हणजे पुढें डोंगरांच्या कुशींत चांदवड गांव लागतें. होळकरांच्या अमदानींत या गांवास मोठें वैभव होतें. अहिल्याबाईंच्या नांवाशीं जोडलेला रंगमहाल त्या वैभवाची साक्ष देत आजही उभा आहे, आणि डोंगराच्या आश्रयानें वसलेल्या रेणुकेच्या दर्शनास लोक दुरून येतात. चांदवडहून मनमाड ओलांडून आणखी थोडें पुढें गेलें, कीं येवलें येतें. हातमाग, रेशीम आणि पैठणी यांचें हें गांव. तात्या टोपे यांचें जन्मस्थान म्हणून इतिहास त्याला ओळखतो. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली, तीही याच गांवीं.

याच येवल्यांत १८ एप्रिल १९१६ रोजीं एका मुलीचा जन्म झाला. तिचे वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. मुलीचें नांव अंबा ठेवण्यांत आलें. ज्या मुलखांत एका अंगास रेणुका आणि दुसऱ्या अंगास सप्तशृंगी नांदते, तेथें मुलीला देवीचें नांव देणें ही नित्याचीच गोष्ट होती. परंतु या अंबेच्या नशिबीं देवीचें सौम्य रूप नव्हतें. पुढें ललिता पवार या नांवानें ती साऱ्या हिंदुस्थानांत प्रसिद्ध झाली, आणि घरोघरच्या सुना जिच्या नुसत्या नांवानें दचकत, अशी सासू म्हणून ती लोकांच्या मनांत कायमची बसली.

ही कीर्ति त्यांना कशी प्राप्त झाली, याची एक कथा सर्वतोमुखीं आहे. चित्रीकरणाच्या वेळीं एक थप्पड बसली, चेहरा बिघडला, नायिकेचीं कामें गेलीं आणि म्हणून त्या खलनायिका झाल्या, अशी ती कथा. घटना खरी आहे. परंतु तिच्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. थप्पड चेहरा मोडूं शकते. ती कलावंत घडवीत नाहीं.

त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. हिंदी चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच नाशिक जिल्ह्यांतले, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ सालीं त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढें आणला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना एकही स्त्री मिळाली नाहीं. अखेर उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवून त्यांना वेळ मारून न्यावी लागली. त्याच वर्षीं दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढें गोखले म्हणून गाजलेल्या, यांनीं ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें कामें करून ती कोंडी फोडली. तरी कुलीन घरच्या स्त्रीनें पडद्यावर येणें ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, हा समज लवकर ओसरला नाहीं. अशा काळांत, १९२८ सालीं, त्याच हरिश्चंद्राच्या कथेवर निघालेल्या नव्या मूकपटांत येवल्याच्या व्यापाऱ्याची बारा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यापुढें उभी राहिली. पंधरा वर्षांपूर्वीं जी कथा सांगावयास एक स्त्री मिळत नव्हती, तिच्यांतूनच एका स्त्रीच्या जवळजवळ सात दशकांच्या कारकीर्दीचा आरंभ व्हावा, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांतून तिचें शिक्षण झालें. मूकपटांत वाणी नाहीं, गाणें नाहीं. तेथें चेहरा हीच वाणी. भुंवईची एक हालचाल, ओठांची एक मुरड, डोळ्यांतला एक क्षण यांवर सारा प्रसंग पेलावा लागे. हें शिक्षण ललिताबाईंना ऐन उमलत्या वयांत मिळालें, आणि पुढें त्यांचें सारें भांडवल तेंच ठरलें.

परंतु नुसत्या नटीवर त्या थांबल्या नाहींत. १९३२ सालीं ‘कैलास’ हा मूकपट त्यांनीं स्वतः निर्माण केला व त्यांत भूमिकाही केली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. बोलपट आल्यावर १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’ मध्यें त्या नायिका म्हणून झळकल्या; त्या काळच्या नटीला स्वतःचीं गाणीं स्वतःच म्हणावीं लागत, तींही त्यांनीं म्हटलीं. पुढें टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीच्या आधारें ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनीं काढला. पुरुषानें फसविलेल्या आणि समाजानें गुन्हेगार ठरविलेल्या स्त्रीची ती कथा. आपल्या पैशानें चित्रपट काढावयाचा आणि त्यासाठीं असा विषय निवडावयाचा, यावरूनच त्या बाईच्या बुद्धीचा कल दिसून येतो. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९ सालचा; वि. स. खांडेकरांनीं लिहिलेला आणि मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केलेला ‘अमृत’ १९४१ सालचा. या ‘अमृत’ मध्यें त्यांनीं रूपगर्वित नायिका रंगविली नाहीं, तर गरीब कष्टकरी घरांतली स्त्री उभी केली. म्हणजे चरित्र-अभिनयाची वाट त्यांना थपडेनें दाखविली असें नव्हे. त्या वाटेवर त्यांचें पाऊल आधींच पडलेलें होतें.

आणि मग १९४२ साल उजाडलें. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचें चित्रीकरण चाललें होतें. समोर भगवान हे तरुण नट होते. ‘अलबेला’ काढून कीर्ति मिळविण्यास त्यांना अद्याप नऊ वर्षें अवकाश होता. दृश्य थप्पड मारण्याचें होतें. त्यांत दुष्टावा नव्हता, वैर नव्हतें. नवख्या हाताला आपल्या जोराचा अंदाज आला नाहीं, इतकेंच. परंतु तो आघात एवढा जबर होता, कीं ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्यास इजा झाली. पुढें दीर्घ काळ उपचार चालले. चेहऱ्यांतली शक्ति बरीचशी परतली. पण डावा डोळा कायमचा अधू व बारीक राहिला.

त्या वेळीं त्यांचें वय सव्वीस होतें. ज्या कलेंत चेहरा हीच वाणी, तिच्यांतल्या उपासिकेची अर्धी वाणी एका क्षणांत हिरावली गेली. याच सुमारास समुद्रापलीकडे एक निराळाच प्रकार घडला होता. स्वीडनची जगद्विख्यात नटी ग्रेटा गार्बो हिनें १९४१ सालीं आपला शेवटचा चित्रपट केला. स्टॉकहोमच्या गरीब वस्तींत १९०५ सालीं जन्मलेली ही मुलगी हॉलिवुडची सम्राज्ञी झाली होती. तो चित्रपट फसला, आणि छत्तिसाव्या वर्षीं ती पडद्यापासून दूर झाली ती कायमची. १९९० सालीं न्यूयॉर्कमध्यें मृत्यु येईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षें, तिनें चित्रपटांत पुन्हां काम केलें नाहीं. लोकांच्या स्मरणांत तिचा तरुण, निर्दोष चेहरा तसाच राहिला. तो तिचा अधिकार होता, आणि त्याबद्दल तिला कोणीं नांवें ठेवूं नयेत. परंतु येवल्याच्या अंबेपुढें हा मार्ग नव्हता. तिला काम हवें होतें. आणि बिघडलेला चेहरा लपविण्याऐवजीं तो घेऊनच ती पुन्हां प्रकाशांत आली.

१९४४ सालीं प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ आला. त्यांत ललिताबाईंनीं आनंदीबाई पेशवे यांची भूमिका केली. नाशिककरांना या आनंदीबाईंची कथा सांगावयास नको. राघोबादादांच्या वास्तव्याची आठवण सांगणारी आनंदवल्ली नाशिकच्या वेशीवरच आहे. ‘ध’ चा ‘मा’ करणारी बाई म्हणून लोककथेनें जिला दोषी ठरविलें, ती भूमिका सोपी नव्हती. ती करणाऱ्या नटीचा डोळा आतां पूर्वींसारखा उघडत नव्हता. पण त्याच डोळ्याच्या कोनांतून महत्त्वाकांक्षा, संशय आणि कपट कसें डोकावतें, हें महाराष्ट्रानें पाहिलें. वैगुण्य होतें तें असें साधन बनलें. मात्र त्यासाठीं मूकपटांच्या दिवसांपासून कमावलेली विद्या हाताशीं असावी लागली. कुऱ्हाडीचा घाव सर्वच झाडांवर पडतो. त्यांतलें चंदन मात्र थोडेंच असतें.

१९५० सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘दहेज’ काढला. हुंड्यासाठीं सुनेचा छळ करणारी सासू ललिताबाईंनीं त्यांत अशी वठविली, कीं तेव्हांपासून ‘ललिता पवार’ हें विशेषनाम न राहतां सामान्यनाम झालें. घरांतली सासू जरा कडक बोलली, कीं शेजारणी म्हणूं लागल्या, “अगदीं ललिता पवार आहे हो!” जत्रेंतल्या तंबूंतून चित्रपट पाहणाऱ्या बायाबापड्या पडद्यावरच्या त्या बाईला उघड उघड शिव्याशाप देत. नायिकेच्या वांट्यास टाळ्या येत, आणि हिच्या वांट्यास तळतळाट. परंतु विचार केला तर हा तळतळाट कोणावर होता? हुंडा मागणारी सासू पडद्यावर जन्मली नव्हती. ती घरोघर होती. जी गोष्ट सुनेला घरांत बोलतां येत नव्हती, ती अंधारांत बसून एका नटीला शिव्या देण्याच्या मिषानें तिला मोकळेपणीं बोलतां आली. हा तिरस्कार अंगावर घेणें ही ललिताबाईंनीं केलेली एक प्रकारची समाजसेवाच होय.

१९५९ सालच्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ मध्येंही हेंच दिसतें. अस्पृश्य कुळांत जन्मलेली अनाथ मुलगी ब्राह्मणाच्या घरांत वाढते, आणि तिला दूर ठेवा म्हणून बजावणारी कर्मठ आत्या ललिताबाई होतात. ज्या गांवीं १९३५ सालीं बाबासाहेबांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असें बजाविलें, त्याच गांवच्या कन्येनें स्पृश्यास्पृश्यतेचें जुनें रूप पडद्यावर इतकें जिवंत करावें, यांत इतिहासाचा एक अर्थ दडलेला आहे. ती आत्या राक्षसीण नव्हे. ती देवभोळी, मायाळू, घरची वडीलधारी बाई आहे. अन्याय बहुधा अशाच माणसांच्या हातून घडतो, हें त्या भूमिकेनें दाखविलें.

परंतु केवळ दुष्टपणाच्या शिक्क्यानें त्यांची परीक्षा करणें योग्य नव्हे. १९५२ च्या ‘दाग’ मध्यें त्या व्यसनी मुलाच्या दुःखी आई झाल्या. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्यें मुंबईच्या रस्त्यावर केळीं विकणारी गंगामाई झाल्या. तोंडानें फटकळ, पण परक्या पोरावर जीव टाकणारी. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९५९ च्या ‘अनाडी’ मधील मिसेस डिसा ही तर त्यांची सर्वांत लोभस निर्मिति. भाडेकरू पोराला दिवसभर रागें भरावयाचें आणि त्याची भूक मात्र सहन करावयाची नाहीं, अशी ती ख्रिस्ती म्हातारी एका कारखान्याच्या सदोष औषधानें मरते, तेव्हां ज्या प्रेक्षकांनीं त्यांना शाप दिले, तेच डोळे पुसतात. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंही त्यांचा गौरव केला. १९६२ च्या ‘प्रोफेसर’ मध्यें एक करडी प्रौढ बाई म्हाताऱ्याचें सोंग घेतलेल्या तरुणावर भाळते. हंसें होण्याचाच तो प्रसंग. तरी शिस्तीच्या चिलखताआड वाळून गेलेलें स्त्रीहृदय ललिताबाईंनीं असें उघडें केलें, कीं हंसतां हंसतां प्रेक्षकाला क्षणभर ओशाळें व्हावें लागतें.

१९८७ सालीं दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. मंथरेची भूमिका कोणीं करावी, हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई कुबड घेऊन आल्या. ज्यांनीं त्यांचा एकही बोलपट पाहिला नव्हता, अशा लहान मुलांनाही त्या बारीक डोळ्याची भीति वाटली. हरिश्चंद्राच्या पुराणकथेपासून सुरू झालेला प्रवास रामकथेपर्यंत येऊन पोहोंचला. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरदर्शन असे चार युगांचे उंबरठे एकाच बाईनें ओलांडले.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यास औंध येथें त्यांचें निधन झालें. त्या वेळीं त्यांचें वय एक्याऐंशी वर्षांचें होतें.

त्यांच्या चरित्रांतून शिकावयाचें तें हेंच. दैवानें घाव घातला, म्हणून त्या मोठ्या झाल्या, असें म्हणणें म्हणजे चौदा वर्षांच्या पूर्वतपश्चर्येचें श्रेय एका थपडेला देणें होय. घाव बसला तो दिवस १९४२ सालचा. पण त्या दिवशीं जें उपयोगी पडलें, तें १९२८ पासून जमविलेलें होतें. येवल्याच्या मागावर विणतांना धागा तुटला, म्हणून विणकर वस्त्र टाकून देत नाहीं; गांठ मारतो आणि पुढें विणतो. गांठ जवळून पाहणाऱ्यास दिसते. दुरून दिसतें तें वस्त्र. चांदवड-येवल्याच्या या मुलखांतल्या घरांत आजही कोणी सुनेनें सासूला चिडून ‘ललिता पवार’ म्हटलें, तर त्या नांवामागें अंबा नांवाची एक मुलगी होती, आणि तिनें आपला चेहरा गमावूनही काम सोडलें नाहीं, एवढें तिला कोणीं तरी सांगावें.