कुलाब्याचे सूर्ययंत्र

विजेचे बिल हाती पडले म्हणजे आमच्या घरात दोन-तीन दिवस मोठी शिस्त नांदते. खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येकजण दिवा मालवतो, आणि एखादा अतिउत्साही तर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचा पंखाही बंद करतो. चौथ्या दिवशी सारे पूर्ववत होते. बिलाचा आकडा तेवढा पूर्ववत होत नाही. वापर जरा वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो. आणि घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलो तरी स्थिर आकार काही चुकत नाही. म्हणून छपरावर सोलर पॅनेल बसवावीत, ही गोष्ट हल्ली घरोघरी बोलली जाते. ही कल्पना अगदी आजची, असा बहुतेकांचा समज असतो. परंतु महाग इंधनाला कंटाळून सूर्याकडे धाव घेणारा एक गृहस्थ मुंबईत १८७८ सालीच होऊन गेला.

त्याचे नाव विल्यम ॲडम्स. मुंबईच्या न्यायालयात तो डेप्युटी रजिस्ट्रार होता. म्हणजे व्यवसायाने यंत्रज्ञ नव्हे, कागदपत्रे सांभाळणारा माणूस. त्या काळी मुंबईची आगबोट आणि गिरणी चालावी म्हणून कोळसा इंग्लंडहून जहाजाने येई आणि महाग पडे. लाकूडही स्वस्त नव्हते. ज्या देशात वर्षातील आठ-नऊ महिने ऊन अंग भाजून काढते, त्याच देशाने जळण सातासमुद्रापलीकडून आणावे, ही विसंगती ॲडम्सच्या मनाला लागली.

त्याला स्फूर्ती मिळाली ती फ्रान्समधून. तेथे तूर नावाच्या गावी ओग्युस्तँ मूशो या शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे यंत्र चालवून दाखवले होते. मूशो गणित शिकवीत असे. (आमच्या धंद्यातील माणसांच्या नावावर एखादी अशी गोष्ट निघाली की आम्हांला उगीचच मान उंचावावीशी वाटते.) पण मूशोचे यंत्र लहान, अर्ध्या अश्वशक्तीचे. त्याचा आरसा चकाकत्या धातूचा, एखाद्या प्रचंड वाडग्यासारखा. असा आरसा काळवंडतो, त्याला खर्च फार, आणि त्याहून मोठा केला तर सूर्यामागे फिरवणे दुरापास्त, असे ॲडम्सचे म्हणणे पडले. त्याने काढलेली युक्ती विलक्षण साधी होती. एक मोठा आरसा करण्याऐवजी त्याने बाजारात मिळणारे साधे, सपाट आरसे घेतले. प्रत्येक सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद, असे बहात्तर आरसे एका चौकटीवर बसवून त्या सर्वांचे किरण एकाच ठिकाणी पाडले. वीस फुटांवर ठेवलेल्या लाकडाने पेट घेतला!

मग त्याने आरसे वाढवले आणि त्यांच्या समोर एक बॉयलर उभा केला. बॉयलर जागच्या जागी. आरशांची चौकट तेवढी अर्धवर्तुळाकार रुळावरून सूर्याच्या गतीप्रमाणे एक गडी ढकलीत नेई. कुलाब्यातील त्याच्या बंगल्याच्या आवारात या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालू लागले. सुमारे दोन आठवडे त्याने ते लोकांना बोलावून दाखवले. मूशोच्या यंत्राच्या पाचपट ही शक्ती होती.

ॲडम्सने सूर्यचूलही केली होती. अष्टकोनी आरशाच्या मधोमध काळे रंगवलेले तांब्याचे भांडे, त्यावर काचेचे झाकण. नाताळ उलटून थंडी पडलेली असताना, जानेवारीत, सात शिपायांचे मांस आणि भाजी तीत दोन तासांत शिजली. या साऱ्याचे त्याने पुस्तक लिहिले. उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, हाच त्याचा विषय.

पुढे काय झाले? फारसे काही नाही. सूर्य मावळला की इंजिन थांबे, आणि आरसे ढकलणाऱ्या गड्याला मजुरी द्यावी लागेच. तिकडे फ्रान्समध्येही कोळसा स्वस्त होताच सरकारने मूशोच्या कामातून लक्ष काढून घेतले. मुंबईला १९१५ पासून खोपोलीहून पाण्याची वीज मिळू लागली, तेव्हा कुलाब्याच्या आरशांची आठवण कोणाला राहणार!

सूर्याच्या प्रकाशापासून सरळ वीज काढणे साधले ते १९५४ साली, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घट तयार केला. त्यावर पडणाऱ्या शक्तीपैकी शेकडा ६ भागाची वीज होई. आज हे प्रमाण शेकडा २० च्या वर गेले आहे. मात्र किंमत इतकी की ती परवडली प्रथम आकाशातील उपग्रहाला, १९५८ साली. घराच्या छपराला नव्हे.

आज किंमत पुष्कळ उतरली आहे. एक किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात ती दिवसाला चारेक युनिट वीज देतात; पावसाळ्यात अर्थात कमी. ॲडम्सची रात्रीची अडचण नव्या मीटरने बरीच सोडवली आहे: दिवसाची उरलेली वीज तारेवर जाते, रात्री तारेवरून परत येते, आणि हिशेब फरकाचा होतो. २०२४ साली केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना मंजूर केली. तीत एका किलोवॅटला ३० हजार, तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले.

परंतु उरलेली रक्कम आधी हाती असावी लागते, आणि त्याहीपूर्वी छप्पर आपले असावे लागते. ॲडम्सकडे बंगला होता, आवार होते. आमच्या इंदुरात माझ्यासारखे कितीतरी लोक भाड्याच्या घरांत किंवा चार मजली इमारतींच्या मधल्या मजल्यावर राहतात. ज्याचे बिल पगाराच्या मानाने जड, नेमकी त्याचीच गच्ची नसते. या दृष्टीने आमच्या महापालिकेने केलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. नर्मदेचे पाणी उपसून इंदुरात आणायला प्रचंड वीज लागते. त्यासाठी २०२३ साली पालिकेने रोखे विकून २४४ कोटी रुपये उभारले आणि जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. ते रोखे सामान्य नागरिकालाही घेता आले, मग त्याला गच्ची असो वा नसो.

माझ्या घरापुरते सांगायचे, तर घरमालकांशी बोलणे चालू आहे. खर्च मी सोसावा, जागा त्यांनी द्यावी, आणि मी घर सोडले तर पॅनेल कोणाची हे आधी कागदावर यावे, इथवर आम्ही आलो आहोत. मालकीणबाईंचा तेवढा एक आक्षेप शिल्लक आहे. “मास्तर, सगळी गच्ची तुमच्या पॅनेलांनी अडवलीत, तर उन्हाळ्यात मी पापड-कुरडया कुठं वाळवू?” प्रश्न रास्त आहे. त्याही उन्हावरच होतात.