आटवलेल्या दुधाचा डबा आणि आपले ताट

(सिनेगॉगच्या रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



उन्हाळी सहलीच्या सामानाची यादी बाहेर दारापाशी लावलेली आहे, ती आपण सर्वांनी वाचलीच असेल. तंबू, दोर, कोळसा, पाण्याची पिंपे यांच्या खाली दोन ओळी एकीखाली एक आल्या आहेत. पहिली, 'कोंबडी, वीस पौंड'. दुसरी, 'आटवलेल्या गोड दुधाचे डबे सहा, नारळाच्या बर्फीसाठी'. या दोन ओळींच्या मध्ये कोणीतरी पेन्सिलीने एक मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. ते माझे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्या कोणाचे असेल त्याचे आभार, कारण आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्यानेच दिला.

शंका अगदी सरळ आहे. रात्री शेकोटीवर कोंबडी भाजून खायची आणि लगेच दुधाची बर्फी वाटायची, हे आपल्या ताटात बसत नाही. मग ही दुधाची बर्फी आपल्या यादीत आली कोठून? आपल्या आज्यापणज्यांच्या सणाच्या यादीत ती होती काय?

माझे उत्तर असे की बहुतांशी नव्हती. पेण, रोहे, किहीम, नवगाव अशा ज्या गावांवरून आपली आडनावे पडली, त्या कुलाबा जिल्ह्यातील गावांत आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्या घरांतील सणाचे गोड आठवून पाहा. रोश हशानाला, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत 'नव्याच्या सणाला', चिकाचा हलवा होई. गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा आणि तो नारळाच्या दुधात साखर घालून हात दुखेपर्यंत ढवळायचा. मग ताटात ओतून वर बदामपिस्त्यांचे काप पेरायचे. तिश्री महिन्यातच 'खिरीचा सण' येई; त्या खिरीतही नारळाचेच दूध. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा होतो, त्यात भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलदोडा, सुका मेवा आणि सोबत फळे असतात. गाईम्हशीच्या दुधाचा त्यात एक थेंबही नाही.

हे सारे धर्मशास्त्र जाणून मुद्दाम योजले होते, असा दावा मी करणार नाही. आपण कोकणात होतो, नारळ अंगणात होता, आणि शेजारच्या हिंदू घरांतूनही नारळाच्या दुधाची पक्वान्ने होतच होती. परंतु मांस आणि दूध एकत्र न करण्याची रीत आपल्या घरांनी शतकानुशतके सांभाळली, आणि त्या रीतीला नारळासारखा सोबती मिळाला. मटणाच्या जेवणानंतर हलव्याची वडी तोंडात टाकताना कोणाला घड्याळ पाहावे लागले नाही.

घड्याळ पाहण्याची वेळ येथे आल्यावर आली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातील लोकांना दार मोकळे केले, आणि त्यानंतरच्या वर्षांत आपली कुटुंबे या देशात येऊ लागली. त्या काळी येथे खवा कोठे मिळणार? ओला नारळ दुर्मीळ, चीक काढायला सवड नाही, आणि वाण्याच्या फळीवर मात्र चौदा औंसांचा डबा, म्हणजे ३९७ ग्रॅम आटवलेले गोड दूध, तयार उभे. सुक्या खोबऱ्याचा कीस, एक डबा आणि वेलदोड्याची पूड एवढ्यावर पंधरा मिनिटांत बर्फी थापून होते. कामावरून सहा वाजता परतणाऱ्या स्त्रीने ती केली, यात तिला बोल लावणारा मी कोण?

हा डबा मुळात याच भूमीवरचा. गेल बोर्डन नावाचा गृहस्थ १८०१ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला आणि पुढे टेक्ससमध्ये जमीनमोजणी, वृत्तपत्र, जकात अशा नाना उद्योगांत वावरला. टिकाऊ अन्न करण्याचे त्याला वेड होते. मांसाचा अर्क पिठात मिसळून त्याने एक बिस्किट काढले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला पदकही मिळवले. पण ते बिस्किट कोणाला आवडले नाही आणि तो कर्जात बुडाला. लंडनहून परतताना जहाजावरील गाई आजारी पडल्या आणि दुधावाचून तान्ही मुले दगावली, ते पाहून त्याने दूध टिकवण्याचा निश्चय केला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली, दूध टिकवण्याच्या मागे तो लागला एवढे निश्चित.

उघड्या कढईत दूध आटवले की ते लागते, करपते आणि त्याचा रंग व चव बदलते. आपल्या बासुंदीला तीच चव हवी असते, बोर्डनला मात्र ती नको होती. न्यूयॉर्क राज्यातील न्यू लेबनन येथे शेकर पंथाचे लोक हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात रस आटवीत, ते त्याने पाहिले. हवेचा दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो. डेन्व्हरसारख्या उंच शहरी राहणाऱ्यांना हे भात शिजवताना कळतेच. या युक्तीने दूध न करपता आटले. पेटंटच्या कचेरीने त्यात नवे काही नाही म्हणून आधी नकार दिला. तीन वर्षे खटपट केल्यावर १९ ऑगस्ट १८५६ रोजी पेटंट मिळाले. हवा काढल्यामुळे दूध टिकते, अशी बोर्डनची समजूत होती. सूक्ष्म जंतूंचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते. डबा उघडल्यावरही दूध काही दिवस नासत नाही ते साखरेमुळे. दुधातली स्वतःची साखर धरली तर डब्यात निम्म्याहून अधिक साखरच असते, आणि जंतूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी तेथे उरत नाही. मुरंब्याचे तत्त्व तेच.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. त्या काळी न्यूयॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे होते. भट्टीतला उरलेला चोथा खाऊन रोगट झालेल्या गाईंचे निळसर, पातळ दूध खडू वगैरे मिसळून 'गावचे ताजे दूध' म्हणून विकले जाई. १८५८ साली फ्रँक लेस्लीच्या सचित्र साप्ताहिकाने त्या गोठ्यांची चित्रे छापली आणि शहर हादरले. हे दूध पिऊन मुले मरत होती. त्याच सुमारास जेरेमाया मिलबँक या धनिकाचे साहाय्य मिळून बोर्डनचा कारखाना उभा राहत होता. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांवर त्याने कडक नियम घातले. आचळे धुवावीत, गोठा झाडलेला असावा, गाळण्याची फडकी उकळत्या पाण्यातून काढावीत. या नियमांना लोक 'गवळ्यांच्या दहा आज्ञा' म्हणू लागले. शाबुओथला सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञा ऐकून दुधाचे पदार्थ खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव गमतीचे वाटावे.

गमतीपलीकडेही त्यात काही आहे. दूध काढले कोणी आणि ते पाहिले कोणी, हा प्रश्न आपल्या शास्त्रात फार जुना आहे. मिश्नाच्या अवोदा झारा या भागात दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की परधर्मीयाने काढलेले दूध, कोणी यहुदी पाहत नसेल तर, पिऊ नये. त्यात दुसऱ्या अशुद्ध जनावराच्या दुधाची भेसळ असेल, ही भीती. न्यूयॉर्कच्या आईला खडूची भीती, मिश्नाच्या पंडितांना उंटिणीच्या किंवा डुकरिणीच्या दुधाची. दोन्हीकडे खरा प्रश्न विश्वासाचा. बोर्डनने त्या आईला जो विकला तो विश्वासच होता. विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कचे थोर हलाखा-पंडित रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निर्णय दिला की या देशात सरकारी तपासणी आहे, भेसळ केल्यास दंड आहे, आणि कंपनीला त्याची धास्ती आहे. त्यामुळे निश्चित माहिती ही डोळ्यांनी पाहिल्यासारखीच धरावी. येथील बहुसंख्य कश्रुथ पाळणारी घरे या निर्णयावर चालतात. काही अधिक कडक घरे देखरेखीखालचेच दूध घेतात, त्यांचाही मान राखावा. मात्र या निर्णयाने दूध पिण्याजोगे ठरले, कोंबडीच्या शेजारी बसण्याजोगे ठरले नाही. डब्यावर वर्तुळातील इंग्रजी 'यू' या अक्षराशेजारी 'डी' असते, ते याचीच आठवण देण्यासाठी. डी म्हणजे दुधाचे.

सहलीला आणि तंबूला हा डबा कसा चिकटला, तेही सांगतो. १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या सैन्याने बोर्डनचे दूध मोठ्या प्रमाणावर घेतले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील वसेइक येथे त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. छावणीत गाय नाही, बर्फ नाही. पण डबा फोडला की कॉफीत दूध आणि साखर दोन्ही. युद्धावरून परतलेल्या शिपायांनी ही चव घरी नेली आणि शिकारी, लाकूडतोडे, गिर्यारोहक यांनी तीच पुढे चालवली. बोर्डन १८७४ साली टेक्ससमध्ये वारला. त्याचे शव रेल्वेने इकडे आणून ब्राँक्समधील वुडलॉन स्मशानभूमीत पुरले.

त्याच युद्धातील आणखी एक छावणी मला येथे आठवते. १८६२ च्या पेसाहला ओहायोच्या २३ व्या पलटणीतील वीसेक यहुदी शिपायांनी आजच्या वेस्ट व्हर्जिनियातील फेयेट येथे रानात सेदेर मांडला. मात्झा सिनसिनाटीहून मागवली, कोकरू आसपासच्या मुलखातून मिळवले, कडू भाजीच्या जागी रानातली एक जहाल वनस्पती घेतली. हारोसेथचे जिन्नस मिळेनात, तेव्हा विटा कालवणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून त्यांनी ताटात चक्क एक वीट ठेवली. त्यांतील जे. ए. जोएल या शिपायाने ही हकीकत पुढे लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती ठाऊक. रानात आहोत म्हणून काहीही चालेल असे त्यांनी म्हटले नाही. वीट खाण्याची नव्हती, पण ताटातली जागा तिने राखली.

तेव्हा आता यादीकडे वळू. माझी सूचना, अर्थात रब्बींच्या संमतीने, अशी आहे. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दुपारी मांसाचे जेवण आहे; त्या दोन जेवणांना गोड म्हणून चिकाचा हलवा घरूनच करून न्यावा. चीक काढणे ज्यांना जमणार नाही त्यांनी मक्याचे पीठ आणि चायना ग्रास घेऊन नारळाच्या दुधात करावा, मुंबईतही बऱ्याच घरांत तसाच होतो. बर्फीच हवी असेल तर नारळाचे आटवलेले गोड दूधही आता डब्यात मिळते. लेबल वाचून, दुधाचा अंश नाही याची खात्री करून ते घ्यावे. चव तीच येत नाही, हे मी कबूल करतो. माझ्या जिभेला ती किंचित अधिक आवडते, पण कोकणी माणसाची साक्ष येथे ग्राह्य धरू नये.

गाईच्या दुधाचे सहा डबे परत करण्याचे कारण नाही. रविवारची न्याहारी दुधाची आहे. सकाळच्या थंडीत कॉफीत एक चमचा, पोळीवर एक चमचा, आणि मुलांना कोकोची पूड व लोणी घालून छोट्या पातेल्यात घोटलेले लाडू, यांत ते सहज संपतील. पातेले आणि चमचा मात्र वेगळे न्यावे, त्यांच्या मुठींना निळी फीत बांधावी. कोंबडीच्या झाऱ्याशी त्यांची गाठ पडता कामा नये. मार्शमॅलो आणणाऱ्यांनी त्यातील जिलेटिन कशाचे आहे ते पाहावे.

आणि बालमित्रांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. बंद डबा पाण्यात तासन्‌तास उकळून आतल्या दुधाची तपकिरी मलई करण्याची युक्ती तुम्ही कोठेतरी पाहिली असेल. शेकोटीवर ती करू नका. पाणी आटले की डबा आतल्या दाबाने फुटतो आणि चिकट दूध अंगावर उडून भाजते. डबे विकणारेही बंद डबा तापवू नये असेच सांगतात. मलई हवीच असेल तर दूध डब्यातून एका भांड्यात काढा, ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि मोठ्या माणसाला शेजारी बसवून ढवळत राहा. तास-दीड तास लागेल. उरलेले दूध आणि रिकामे डबे झाकणाच्या पेटीत बंद करून तंबूपासून दूर ठेवा, कारण त्या डोंगरात अस्वले आहेत आणि अस्वल मांसाचे व दुधाचे असा भेद करीत नाही.

हलवा कोण करणार त्यांची नावे यादीखाली लिहावीत. पेन्सिल दारापाशी दोरीने बांधलेली आहे.